ग्रीक ओळ तुटत नाही, तुटली तर भलत्याच जागी: प्राचीन ग्रीकच्या हायफनेशनची दुरुस्ती

छत्रपती संभाजीनगरात डीटीपीचं काम करणाऱ्या बाईला प्राचीन ग्रीकशी काय घेणंदेणं, असं कोणालाही वाटेल. माझ्याकडे मात्र हे काम सारखं येतं, आणि त्याला कारण आपलं पैठण आणि आपलं तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातली ‘पेरिप्लस’ ही समुद्री व्यापाराची ग्रीक मार्गदर्शिका पैठणला ‘पाइथाना’ म्हणते आणि तेरला ‘तागारा’. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तेर. पैठणचे ऑनिक्स दगड आणि तेरचं जाडंभरडं कापड, मलमल हे सगळं गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. पुढे दुसऱ्या शतकात टॉलेमीने ‘बैथाना’ ही सिरोप्टोलेमाइओस राजाची राजधानी म्हणून नोंदवली. हा राजा म्हणजे सातवाहनांचा पुळुमावी.

म्हणून सातवाहनांवर, तेरच्या उत्खननावर किंवा जुन्या व्यापारी वाटांवर प्रबंध लिहिणारे मूळ ग्रीक ओळी देतातच. मग पानं लागतात, प्रूफ जातं आणि फोन येतो, “ताई, ही ओळ अशी निस्ती ताणलेली काहून दिसतीय?” हीच तक्रार मी इतक्यांदा दुरुस्त केली आहे की क्रम आता हाताला बसला आहे. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा ते ठरवणं म्हणजे हायफनेशन, आणि त्याच्या दुरुस्तीचा तो क्रम इथे लिहून ठेवते. ग्रीक शब्द मी देवनागरीत लिहिणार आहे आणि जिथे आडवी रेघ आहे तिथे शब्द तुटायला हवा असं समजा.

आधी लक्षणं

प्रूफ हातात घ्या आणि नेमकं काय बिघडलंय ते बघा. सगळ्या तक्रारी सारख्या नसतात आणि लक्षणावरूनच निम्मा शोध लागतो.

ग्रीक आलेली ओळ लूज पडते, दोन शब्दांत बोट जाईल एवढी फट दिसते. किंवा लांब शब्द मार्जिनमध्ये घुसतो आणि लेटेक या पानं लावणाऱ्या प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीच्या फाइलमध्ये, ‘ओव्हरफुल’ची (ओळ मापाबाहेर गेली) रांग लागते. याचा अर्थ शब्द तुटतच नाही. बहुतेकदा मजकूर ग्रीक आहे हे सांगणारी भाषेची खूण नाही, नाहीतर शब्द तोडायचे नियम, म्हणजे पॅटर्न, नाहीत.

शब्द तुटतो, पण विचित्र. काही शब्द छान तुटतात आणि ज्यांच्यावर डोक्यावर चिन्हं जास्त आहेत ते अडून बसतात. इथे भाषा ग्रीक निवडली आहे, पण ग्रीक चुकीची निवडली आहे.

तोच शब्द दहाव्या पानावर तुटतो आणि चाळिसाव्या पानावर तुटत नाही. मॅटर दोन ठिकाणांहून आलं आहे आणि अक्षरं दिसायला सारखी असली तरी आतून वेगळी आहेत.

मुख्य मजकुरात ठीक, तळटिपेत बिघाड. खूण लावताना तळटीप राहिली.

ओळीच्या मधोमध हायफन दिसतो. कोणीतरी हाताने टाकला होता.

टेबलाच्या अरुंद रकान्यात पहिलाच शब्द बाहेर लोंबतो, बाकीचे नीट तुटतात. हा बिघाड नाही, झीटेकची, म्हणजे लेटेक ज्यावर चालतं त्यातल्या एका इंजिनाची, रीत आहे. परिच्छेदाचा पहिला शब्द ते तोडत नाही. शब्दाच्या आधी शून्य रुंदीची मोकळी जागा टाकली की तुटतो. लुआटेक या दुसऱ्या इंजिनात ही अडचण येत नाही.

पहिली तपासणी, फुकटातली: मॅटर खरंच ग्रीक आहे का?

ग्रीक शब्द कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथेही ग्रीक दिसला तर पुढे चला. इंग्रजी अक्षरांचा घोळ दिसला तर थांबा, कारण सेटिंगमध्ये कितीही हात मारले तरी उपयोग होणार नाही.

हा रोग मराठी डीटीपीवाल्याला समजावून सांगावा लागत नाही. जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच कोड) नसलेल्या मराठी फॉन्टमधलं मॅटर दुसऱ्या मशीनवर उघडलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी भोगलं आहे. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षर बसलेलं असतं. ग्रीकचेही तसे जुने फॉन्ट आहेत. शिवाय बीटा कोड नावाची एक पद्धत आहे. संगणकात ग्रीक अक्षरं ठेवायची सोय नव्हती त्या काळात ग्रीक ग्रंथ इंग्रजी अक्षरांत आणि चिन्हांत साठवले जायचे. त्यात थीटासाठी क्यू, ओमेगासाठी डब्ल्यू, स्वराघातासाठी तिरपी रेघ, श्वासचिन्हासाठी (शब्दाच्या सुरुवातीला ‘ह’ आहे की नाही ते सांगणाऱ्या खुणेसाठी) कंस. जुन्या अभ्यासकांच्या फाइलींत हे अजून सापडतं. हायफनेशन करणारं इंजिन फॉन्ट बघत नाही, आतला कोड बघतं. कोड इंग्रजीचा असेल तर ते ग्रीक शब्द कसा तोडणार? मॅटर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, बदललेलं एकदा अभ्यासकाकडून वाचून घ्या, मगच पुढे.

याच वेळी आणखी एक गोष्ट बघून टाका. स्कॅन करून ओसीआर केलेल्या, म्हणजे चित्रातली अक्षरं मशीनने ओळखलेल्या, मॅटरमध्ये ग्रीक शब्दाच्या पोटात इंग्रजी अक्षर शिरतं. ओमिक्रॉनच्या जागी इंग्रजी ओ, न्यूच्या जागी व्ही. डोळ्याला कळत नाही. ग्रीक उताऱ्यात इंग्रजी अक्षर शोधायचा सर्च एकदा चालवा. एक परकं अक्षर आलं की त्याच्या आजूबाजूचा पॅटर्न जुळत नाही आणि शब्द तिथे अडतो.

दुसरी: भाषेची खूण, आणि कोणती ग्रीक

बहुतेक वेळा बिघाड इथेच सापडतो. म्हणून इथे जरा थांबते.

मॅटर लावणारा ग्रीक शब्द निवडतो, फॉन्ट बदलतो आणि पुढे जातो. ओळ ग्रीक दिसायला लागते, म्हणून काम झालं असं वाटतं. पण फॉन्ट बदलल्याने भाषा बदलत नाही. शेत कोण कसतं ते सगळा गाव जाणतो, तरी तलाठी सातबाऱ्यावरचं नाव बघतो. सॉफ्टवेअरचंही तेच. परिच्छेदाची भाषा मराठी असेल तर ते ग्रीक शब्दाला मराठीचे नियम लावायला जातं, त्यात ग्रीक अक्षरच नाही, आणि शब्द अखंड राहतो. लेटेकमध्ये पॉलिग्लॉसिया हे अनेक भाषा हाताळणारं पॅकेज वापरत असाल तर प्रत्येक ग्रीक तुकडा ‘टेक्स्टग्रीक’च्या कंसात किंवा ‘ग्रीक’ वातावरणात हवा. तळटिपा, चित्रांच्या ओळी, टेबलं वेगळी तपासा.

खूण आहे, तरी तोड विचित्र आहे? मग ती कोणत्या ग्रीकची खूण आहे ते बघा. पॉलिग्लॉसियाला नुसतं ‘ग्रीक’ सांगितलं तर ते आधुनिक, एकस्वरी ग्रीक धरतं. ग्रीसने १९८२ साली लेखन सोपं केलं. श्वासचिन्हं गेली, तीन स्वराघातांच्या जागी एकच राहिला. आजचं वर्तमानपत्र त्या पद्धतीने छापलं जातं. पेरिप्लसच्या छापील आवृत्त्यांत मात्र जुनी सगळी चिन्हं असतात. एकस्वरी ग्रीकच्या नियमांत श्वासचिन्हाचा आल्फा नाही, छत्री घातलेला ओमेगा नाही. नियम ज्या अक्षराला ओळखतच नाही त्याच्यानंतर तोडत नाही. म्हणून चिन्हं कमी असलेला शब्द तुटतो आणि चिन्हांनी भरलेला तसाच राहतो. इलाज एका शब्दाचा आहे. ग्रीक भाषा जाहीर करताना ‘व्हेरिएंट’ म्हणून ‘एन्शंट’ द्या. ‘पॉली’ नावाचा तिसरा पर्याय आहे, तो बहुस्वरी, म्हणजे जुनी सगळी चिन्हं असलेल्या, पण आधुनिक ग्रीकसाठी. त्याने चिन्हं ओळखली जातील, पण तोडीचे नियम प्राचीन ग्रीकचे मिळणार नाहीत. बॅबेल हे तसंच दुसरं पॅकेज वापरणाऱ्यांनीही ग्रीक सांगताना प्राचीन हा प्रकार स्पष्ट सांगावा.

प्राचीन ग्रीकचे नियम वेगळे का, हे कळलं की प्रूफ बघताना डोळा तयार होतो. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराबरोबर जातं: ता-गा-रा. द्वित्त असेल तर मधोमध फुटतं: था-लास्-सेस, म्हणजे ‘समुद्राचा’. ज्या व्यंजनजोडीने ग्रीक शब्द सुरू होऊ शकतो ती एकत्रच पुढे जाते: ली-म्ने, म्हणजे तळं. ज्या जोडीने शब्द सुरू होऊ शकत नाही ती फुटते: आन्-थ्रो-पोस, म्हणजे माणूस. जोडस्वर कधी तोडायचा नाही: पाइ-था-ना, ‘पा-इ’ नाही.

आणि सामासिक शब्द सांध्यावर तुटतो. हा नियम मराठी माणसाला लगेच पटतो. ‘दुरुपयोग’ आपण कानाने ‘दु-रुपयोग’ असा तोडू, पण व्याकरण जाणणारा ‘दुर्-उपयोग’ म्हणेल. ग्रीकमध्ये ‘प्रोसेखो’ म्हणजे लक्ष देणं. कानाने ‘प्रो-सेखो’, सांध्याने ‘प्रोस्-एखो’. प्राचीन ग्रीकचं छापकाम सांधा मानतं. याकडे पुढे परत येते, कारण मशीन इथेच जास्त चुकतं.

तिसरी: पॅटर्न मशीनमध्ये आहेत का?

खूण बरोबर आहे, व्हेरिएंट बरोबर आहे, तरी एकही शब्द तुटत नाही. आता लॉग उघडा आणि ‘हायफनेशन पॅटर्न’ हे शब्द शोधा. ग्रीकसाठी पॅटर्न चढवलेले नाहीत अशी सूचना तिथे स्पष्ट लिहिलेली असते. पानं तयार झाली की लॉग कोणी उघडत नाही, म्हणून ती कोणाच्या नजरेला पडत नाही.

पॅटर्न म्हणजे काय ते थोडक्यात. फ्रँकलिन लिआंग यांनी स्टॅनफर्डमध्ये १९८३च्या प्रबंधात ही पद्धत मांडली. अक्षरांच्या छोट्या तुकड्यांमध्ये आकडे ठेवलेले असतात. विषम आकडा म्हणतो तोडा, सम म्हणतो तोडू नका, आणि दोघांत मोठा आकडा जिंकतो. टेक् (लेटेकचा पाया), लिब्रेऑफिस, हन्स्पेलच्या कुटुंबातली हायफनेशनची लायब्ररी, सगळे याच पायावर उभे आहेत. टेक्मधले प्राचीन ग्रीकचे पॅटर्न दिमित्रिओस फिलिप्पू यांनी तयार केले आहेत. ज्या मशीनवर टेक् लाइव्ह, म्हणजे टेक्चा सगळा संच, पूर्ण बसवलेलं आहे तिथे ते आपोआप असतात. जागा वाचवायला अर्धवट बसवलं असेल तर ‘हायफन-एन्शंटग्रीक’ हे पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. उबुंटूवर ते ग्रीक भाषेच्या टेक् लाइव्ह गठ्ठ्यात येतं.

पॅकेज बसवलं, तरी झीटेकमध्ये फरक पडला नाही, तर घाबरू नका. झीटेक पॅटर्न फॉरमॅट, म्हणजे सुरू होताना ते वाचतं ती तयार फाइल, बनतानाच पोटात घेतं. फॉरमॅट जुनाच राहिला तर नवे पॅटर्न त्याला माहीतच नाहीत. टेक् लाइव्हचा ‘एफएमटीयुटिल’ चालवून फॉरमॅट नव्याने बांधा. लुआटेक पॅटर्न लागतील तेव्हा वाचतं, त्यामुळे तिथे हा टप्पा नाही. माझ्याकडे नवं मशीन येतं तेव्हा पहिली चाचणी मी लुआलेटेकवर, म्हणजे लुआटेकवर चालणाऱ्या लेटेकवर, घेते. तिथे शब्द तुटला आणि झीलेटेकवर तुटला नाही, तर दोष फॉरमॅटचा हे लगेच कळतं.

चाचणी अशी. शून्य रुंदीची एक चौकट करा, आत सुरुवातीला शून्य रुंदीची मोकळी जागा टाका आणि त्यानंतर एकच ग्रीक शब्द. चौकटीत काहीच मावत नसल्याने शब्द जिथे जिथे तुटू शकतो तिथे तुटून उभा खाली पडतो. मी पाच शब्द ठेवले आहेत: पाइ-था-ना, था-लास्-सेस, आन्-थ्रो-पोस, एम्-पो-रि-ऑन म्हणजे व्यापारपेठ, आणि दा-खि-ना-बा-देस. हा शेवटचा माझा लाडका. पेरिप्लसमधलं हे ‘दक्षिणापथ’ आहे, आणि लिहिणारा पुढे सांगतो की इथल्या लोकांच्या भाषेत ‘दाखानोस’ म्हणजे दक्षिण. आपल्या मुलखातला शब्द परक्या लिपीत दोन हजार वर्षं जपला गेला. तो ओळीच्या शेवटी चुकीचा तुटला तर मला चैन पडत नाही.

चौथी: दिसायला एक, आतून दोन

तोच शब्द एका ठिकाणी तुटतो, दुसरीकडे नाही, हे लक्षण आलं की सरळ इथे या.

मराठीतलं ‘ऱ’ घ्या, ‘तऱ्हा’मधलं. युनिकोडमध्ये ते एका कोडनेही लिहिता येतं आणि र खाली नुक्ता देऊन दोन कोडनेही. डोळ्याला सारखंच. पण ‘तऱ्हा’ एका पद्धतीने लिहून दुसऱ्या पद्धतीने शोधलं, तर कित्येक प्रोग्रॅमांत सापडत नाही. ग्रीकमध्ये हा प्रकार पानोपानी आहे. आल्फावर श्वासचिन्ह आणि स्वराघात असेल तर ते सगळं मिळून एक कोड असू शकतं, किंवा आल्फा, मग श्वासचिन्ह, मग स्वराघात असे तीन. पॅटर्न जोडलेल्या अक्षरांवर लिहिलेले आहेत. सुटे तुकडे आले की जुळत नाहीत.

याहून फसवी जोडी आहे ती तीव्र स्वराघाताची. तीव्र आल्फाला युनिकोडमध्ये दोन जागा आहेत: ०३एसी आणि १एफ७१. पहिली आधुनिक ग्रीकच्या टोनोसची, दुसरी प्राचीनच्या ऑक्सियाची. युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही एकच, आणि सामान्यीकरण, म्हणजे सगळं एका ठरलेल्या रूपात आणणं, केलं की दुसरीचं रूपांतर पहिलीत होतं. एक उतारा संकेतस्थळावरून आला, दुसरा अभ्यासकाने बहुस्वरी कीबोर्डवर टाइप केला, की एका प्रबंधात दोन्ही नांदायला लागतात. तुम्ही हाताने केलेली अपवादांची यादी (तिच्याबद्दल सहाव्या तपासणीत) तर अक्षरशः कोड बघते. यादीत ऑक्सिया आणि मॅटरमध्ये टोनोस असेल तर अपवाद लागू होणारच नाही.

इलाज म्हणजे सगळी फाइल एकाच रूपात आणणं, ज्याला एनएफसी म्हणतात. पायथॉनच्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलने दोन ओळींत होतं. विंडोजवर बॅबलपॅडमध्ये मेनूतून करता येतं. झीटेकमध्ये वाचतानाच सामान्यीकरण करायची सोय आहे, पण मी फाइलच बदलते, म्हणजे पुढे कोणत्याही मशीनवर तीच वागेल. आधी मूळ फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. अपवादांची यादीही त्याच रूपात आणा. ती विसरली जाते.

एनएफसी झाल्यावर ग्रीक प्रश्नचिन्हाचा कोड इंग्रजी अर्धविरामाचा होतो आणि वरच्या टिंबाचा मध्यटिंबाचा. घाबरायचं कारण नाही, छापताना तसंच दिसतं. एक गोष्ट मात्र बघा. काही फॉन्टमध्ये टोनोस उभट आणि ऑक्सिया तिरपा काढलेला असतो. सामान्यीकरणानंतर तीव्र स्वराघात बाकी चिन्हांत वेगळा दिसायला लागला तर फॉन्ट बदला, कोड परत उलटा फिरवू नका. जीएफएस डिडो, कार्डो, जेन्टियम यांत बहुस्वरी ग्रीक पूर्ण आहे.

लोपचिन्हाचंही इथेच उरकून घ्या. ‘आल्ला’चा शेवटचा स्वर गेला की ‘आल्ल’ आणि वर स्वल्पविरामासारखी खूण उरते. ती खूण कोणी साध्या अवतरणाने टाकतं, कोणी वळणदार, कोणी ग्रीकच्या कोरोनिस चिन्हाने. पॅटर्नला ती शब्दाचा भाग म्हणून ओळखू आली नाही तर एकटं व्यंजन पुढच्या ओळीवर पडू शकतं. सगळ्या फाइलमध्ये एकच चिन्ह ठेवा, वळणदार अवतरण, आणि असे दोन-चार शब्द शून्य चौकटीत टाकून बघा.

पाचवी: एकच अक्षर मागे राहतं

ग्रीकसाठी डावीकडे आणि उजवीकडे कमीत कमी एक अक्षर ठेवायची मुभा असते. व्याकरणाने ते बरोबर आहे: ए-रु-थ्रास, म्हणजे ‘तांबड्या’. पण ओळीच्या शेवटी एकटा ‘ए’ आणि हायफन डोळ्याला खुपतं. मी दोन्ही बाजूंनी दोन ठेवते. अरुंद रकाना असेल तर डावीकडे एक चालवून घेते. ही आवडीची बाब आहे, पण एका पुस्तकात एकच ठेवा.

सहावी: सांध्याचे शब्द आणि हाताने टाकलेला हायफन

पॅटर्न अक्षरं ओळखतात, अर्थ ओळखत नाहीत. ओळखीच्या उपसर्गांची काळजी त्यांत घेतलेली असते, पण ‘प्रोस्’, ‘एक्स’, ‘सुन’, ‘आन’ हे जिथे उपसर्ग आहेत आणि जिथे नुसती तशीच अक्षरं आहेत, हे प्रत्येक वेळी मशीनला कळणं शक्य नाही. अशा शब्दांची अपवाद-यादी करावी लागते. आणि ग्रीक शब्द विभक्तीने, काळाने रूप बदलतो, त्यामुळे प्रत्येक रूप वेगळं लिहावं लागतं. पण सगळ्या भाषेची यादी करू नका. अंतिम पानं लागल्यावर ओळीच्या शेवटी प्रत्यक्ष तुटलेले ग्रीक शब्द तेवढे काढा. प्रबंधात ते एका कागदावर मावतात. तो कागद ग्रीक जाणणाऱ्याला दाखवा आणि जे चुकले तेच यादीत घाला.

साधा हायफन टाइप करून शब्द तोडू नका. एकदा एका छापखान्यात माझ्या पानांवर शेवटच्या क्षणी कोणीतरी तसं केलं. दुसऱ्या दिवशी लेखकाने वरच्या परिच्छेदात दोन शब्द वाढवले, ओळी सरकल्या, आणि ट्रेसिंगवर, म्हणजे छपाईसाठी काढलेल्या शेवटच्या प्रतीवर, ‘एम्पो-रिऑन’ ओळीच्या मधोमध येऊन बसलं. वाचणाऱ्याला वाटलं, मूळ पोथीतच तसं आहे. ग्रीक उताऱ्यात जास्तीची रेघ म्हणजे पाठभेदाचा संशय. त्या लेखकाची वर्षांची मेहनत तिथे डागाळते, म्हणून या बाबतीत मी कडक आहे. तोडीची जागा सांगायचीच असेल तर ऐच्छिक हायफन टाका, जो ओळ तुटली तरच दिसतो. वर्ड आणि लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल आणि हायफन, इनडिझाइनमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि हायफन.

इनडिझाइन आणि लिब्रेऑफिसवाल्यांसाठी

इनडिझाइनच्या यादीतली ‘ग्रीक’ आधुनिक आहे. पुस्तकात पाच-दहा ग्रीक ओळी असतील तर पॅटर्नच्या मागे लागू नका, ऐच्छिक हायफन टाकून मोकळे व्हा. हायफनेशनच्या चौकटीत ‘मोठ्या अक्षराने सुरू होणारे शब्द तोडा’ ही खूण तपासा. पैठण, तेर, भडोच, दक्षिणापथ, आपले सगळे शब्द विशेषनामं आहेत, आणि ती खूण काढलेली असेल तर त्यांतला एकही तुटणार नाही. लिब्रेऑफिसमध्ये भाषा अक्षरांना लागते आणि हायफनेशन परिच्छेदाला. दोन्ही लावल्याशिवाय चालत नाही. यादीत प्राचीन ग्रीकचं नाव दिसलं म्हणजे तिचा हायफनेशन-कोश बसलाच आहे असं नाही. तो वेगळा तपासा. पन्नास पानांहून जास्त ग्रीक असेल तर माझं मत स्पष्ट आहे, ते काम लेटेकमध्येच करा.

कुठे थांबायचं

कविता असेल तर हायफनेशन बंद करा. होमरची ओळ हे वृत्ताचं माप आहे, ती मावत नसेल तर टाइप लहान करा किंवा उरलेला भाग पुढच्या ओळीवर आत सरकवून घ्या, शब्द तोडू नका.

शिलालेख किंवा पपायरसचा पाठ असेल तर स्वतः निर्णय घेऊ नका. १९३१ला ठरलेल्या लायडन पद्धतीप्रमाणे त्यात हरवलेल्या अक्षरांना चौकटी कंस असतात, शंकास्पद अक्षराखाली टिंब असतं. शब्दाच्या पोटात कंस आला की इंजिनाचं गणित मोडतं. आणि मूळ दगडावर ओळ कुठे संपते ही स्वतःच माहिती असते. इथे संपादकाला विचारल्याशिवाय एक रेघही हलवायची नाही.

पॅटर्नची फाइल उघडून आकडे बदलायचा मोह झाला तर हात आवरा. एक शब्द सुधारताना शेकडो बिघडतात आणि ते तुम्हाला दिसत नाहीत. फॉरमॅट दोनदा बांधूनही चढत नसेल, तर टेक्ची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला बोलवा आणि लॉगची पूर्ण फाइल द्या, पडद्याचा फोटो नको.

आणि सगळं चालू झालं तरी, तुम्हाला ग्रीक वाचता येत नसेल तर ओळीच्या शेवटी तुटलेल्या शब्दांचा तो कागद ग्रीक येणाऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय ट्रेसिंग काढू नका. विद्यापीठात कोणी सापडलं नाही तर ख्रिस्ती धर्मशास्त्राची महाविद्यालयं बघा, तिथे नव्या कराराची ग्रीक शिकवतात. अक्षर तोडायचे नियम तेच आहेत. एक तासाचं काम असतं. मानधन आधीच ठरवा आणि ते लेखकाच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहा.